जुन्या गावठाणातली हजेरी

दर ऐतवारी सकाळी साडेसहाला
मी वही घेऊन बसतो, जुन्या गावाच्या पारावर.
पार तेवढा राहिला. गाव वर सरकलं,
नंबराच्या गल्ल्यांत, एकसारख्या घरांत,
आणि इथून तेरणेपर्यंतच्या उतारावर
एकतीस वर्षं वेड्या बाभळी.
आता बाग करायलाव.

बाग म्हणजे काय, सत्तर शेवगे, चाळीस सीताफळं,
रताळ्याचे चार वाफे, एक काळी टाकी.
ठिबकचे तुकडे ज्यानं त्यानं आपल्या शेतातून आणलेले,
म्हणून नळीवर दर दहा फुटाला कंपनी बदलते.
जोड मारतो मैनोद्दीन, सायकलच्या ट्यूबनं.

वाफ्यांना नंबर दिले होते. कुणी वापरत नाही.
"मी आज सुताराच्या सैपाकघरात हाय,"
"शेणखत महालिंगअप्पाच्या ओसरीवर टाका,"
"गोठ्यात सीताफळ नको, तिथं पाणी साचतंय."
भिंत नाही, ओसरी नाही,
तरी माणसं दाराच्या जागेवरूनच वळतात.

राहणारे मात्र वेगळे.
घाण्याच्या दगडाजवळ मुंगसाची जोडी.
मशिदीमागच्या ढिगात घोरपड,
उन्हं चढली की वर येऊन
पोलीस पाटलासारखी सगळ्यांकडं बघते.
शाळेच्या चौथऱ्यावर टिटवीनं चार अंडी घातली,
तर अंबिकानं भोवती विटा मांडल्या
आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, वर्ग चालू आहे.
महिनाभर त्या बाजूला कुदळ नेली नाही कुणी.

सायाळीचं जड गेलं.
एका रात्रीत सहा शेवगे बुडापासून,
दुसऱ्या रात्री रताळ्याचा अख्खा वाफा
नांगर फिरवल्यागत.
पोरं पेटली. बॅटऱ्या घेऊन माग काढला,
तर बीळ निघालं केवळाबाईच्या उंबऱ्याखाली.
धूर करू, म्हणाला कुणी. दगड लोटू, म्हणाला कुणी.
मग एकदम गप्प.
मागं केवळाबाई उभी होती, डोक्यावर घमेलं.

हिचं नाव मी पहिल्या ऐतवारापासून लिहितोय.
एक खाडा नाही. सगळ्या बागेला पाणी घालते,
फक्त ह्या उंबऱ्याशी आली
की घागर दुसऱ्या कमरेवर घेते आणि लांबून जाते.
तिथं तिनं एक रोप लावू दिलं नव्हतं.
का, ते आमच्या गावात
कुणी कुणाला विचारत नाही.

घमेलं खाली ठेवून ती वाकली.
बिळात हात घातला, पार कोपरापर्यंत.
"गार हाय आत," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
"कुणीतरी राहायलंय की."

उकरलेल्या मातीत एक पितळी उलथनं पडलं होतं,
दांडा वाकलेला.
नळीखाली धरून धुतलं तिनं, कमरेला खोचलं.
आता त्यानंच तण काढते.
खुरपं दिलं तर नको म्हणते.

पुढच्या ऐतवारी उंबऱ्याच्या आत
तिनं रताळ्याचे वेल लावले. सव्वीस, मोजले मी.
"हे हिचं. तुमचं तिकडं."
महालिंगअप्पांनी शेवग्यांच्या बुडाला
जुने पत्रे गुंडाळले. वाऱ्यानं खडखडतात,
रात्री वरच्या गावात ऐकू येतं.
सायाळ येतेच तरी. पण कमी.
कमी म्हणजे, परवा दोनच गेले.

वहीत रकाने आहेत. नाव, काम, वेळ, सही.
केवळाबाई म्हणाली, "तिचं बी लिव्हा."
"नाव काय लिहू, मावशी?"
"घरातली, म्हणून लिव्हा."
लिहिलं. काम, खोदकाम. वेळ, रात्रभर.
सहीच्या जागी अंबिकानं
बिळाच्या तोंडाशी सापडलेला काटा ठेवला,
वीतभर, काळा-पांढरा.

तेव्हापासून वही नीट मिटत नाही.
सुतळीनं बांधून नेतो.